शेजारी ठेवलेलं प्रस्थान

आमच्या सासूबाईंनी त्या देशाचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्या "तिकडं" म्हणायच्या. "तिकडं बर्फ पडतंय म्हनं." "तिकडं भाकरी न्हाय म्हनं, नुसता पाव." त्यांना नाव उच्चारता येत नव्हतं अशातला भाग नाही. नेसरीच्या शेतकऱ्याची ती लेक, तिची जीभ कशालाच अडायची नाही. पण ज्या मुलखानं पोटचा पोरगा नेला, त्याला नावानं कशाला हाक मारायची, असं त्यांचं म्हणणं. पुढं जे झालं त्यानंतर मलाही ते नाव नकोसं झालं. तेव्हा मीही इथं "तिकडं"च म्हणणार आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे वारणानगरच्या बाजूला साखर कारखान्यात केमिस्ट होते. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शिकवत होते. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत सासूबाई, मी आणि आमची लहानगी असं बिऱ्हाड, आणि हे आठवड्याचे पाहुणे. तिकडं साखरेचा नवा कारखाना उभा राहत होता, त्यांना अनुभवी माणसं हवी होती. ह्यांना बोलावणं आलं. पगाराचा आकडा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढं देत्यात म्हंजे कायतरी काळंबेरं असणार." तरी हे गेले. मुलगी तेव्हा धड बोलतही नव्हती. ठरलं असं, की ह्यांनी पुढं जायचं, राहायला घर मिळालं की कुटुंबाचा परवाना काढायचा, मग आम्ही दोघी मायलेकींनी जायचं. सासूबाई नेसरीला भावाकडं राहणार होत्या.

घर मिळेपर्यंत वर्ष उलटलं. मग कागद आले. कुठला दाखला, कुठलं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा. लग्नाचा पुरावा मागितला तेव्हा सासूबाईंना फार राग आला. "पोरगी कडेवर हाय, आनि काय पुरावा पायजे मेल्यास्नी?" सगळं जुळवून मी दोघींचे पासपोर्ट मुंबईला त्या देशाच्या वकिलातीत पाठवले. शिक्का मारून पंधरवड्यात परत येतील असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्या पंधरवड्याच्या भरवशावर मी शाळेचा राजीनामा दिला. आता वाटतं, इतकी घाई कशाला केली? पण नवऱ्याला बघून वर्ष झालेल्या बाईला घाई कशाला, हे विचारणाराच मूर्ख.

पेठेत बातमी पसरली आणि जेवणावळी सुरू झाल्या. रोज कुणाकडं तरी निरोपाचं जेवण, निघताना ओटी आणि वर चटणी. कोल्हापूरचा माणूस परमुलखात निघाला की त्याच्या हातात कांदा-लसणाची चटणी द्यायची, हा आमच्याकडचा व्हिसा. तो मात्र मला घरोघरी मिळाला. बरण्या, डबे, दुधाच्या पावडरीचे जुने टिन. प्रत्येकीचं म्हणणं एकच, "बाकीच्यांची ऱ्हाऊ दे, आमचीच आधी फोडा." फडताळ भरलं, मग पलंगाखाली ओळ लागली. घरात शिरलं की नाक चुरचुरायचं.

पासपोर्ट काही आले नव्हते. इतक्यात सासूबाई पंचांग बघणाऱ्या गुरुजींकडं जाऊन आल्या. गुरुजी म्हणाले, या गुरुवारी सकाळी प्रवासाला मुहूर्त उत्तम आहे, नंतर बरेच दिवस काही खरं नाही. तिकीट नाही, शिक्का नाही आणि मुहूर्त तर दाराशी आलेला. यावर सासूबाईंच्या माहेरी उपाय होता. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपण निघू शकत नसलो तर मुहूर्ताला आपले घालायचे कपडे, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं एका फडक्यात बांधायचं आणि ते गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. देवाच्या दरबारी आपला प्रवास सुरू झाला. मग सवडीनं निघताना त्या घरी जायचं, गाठोडं उचलायचं आणि तसंच पुढं व्हायचं. सासूबाईंचे वडील बैल विकायला लांबच्या बाजाराला जातानासुद्धा प्रस्थान ठेवायचे म्हणे. नियम एकच. ठेवलेलं गाठोडं घरी माघारी आणायचं नाही. माघारी आणलं तर प्रवास मोडला, आणि जिकडं निघालो तिथल्या माणसाला ते बरं नाही.

मी हसले. पण हसत हसत बांधून दिलं, कारण मलाही कुठंतरी निघाल्यासारखं वाटायला हवंच होतं. माझी जांभळी इरकल आणि मुलीचा नवा फ्रॉक. फ्रॉकचं कापड ह्यांनीच सुटीवर आलेल्या एका सोबत्याच्या हातानं पाठवलं होतं. पिवळं, त्यावर बारीक लाल चेऱ्या, ती विलायती फळं. असलं कापड आपल्याकडं मिळत नव्हतं. शिंप्यानं उरलेला तुकडा ठेवून घेऊ का विचारलं, तर सासूबाईंनी त्याला झाडलाच.

गाठोडं ठेवलं शेजारच्या मावशींकडं. मावशींच्या दारात म्हशी. संध्याकाळी त्यांचे मालक दोन म्हशी घेऊन कट्ट्यावर जात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यानं देत. मावशींनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आतल्या खोलीत खुंटीला अडकवलं. "जावा बिनघोर, मास्तरीणबाई. तुमी आता हितं न्हाईसाच म्हना की."

झालं. त्याच आठवड्यात रेडिओवर बातम्या सुरू झाल्या. तिकडं राज्य उलथलं. रस्त्यावर माणसं, कर्फ्यू, विमानतळ बंद. आणि एक दिवस कळलं, मुंबईची वकिलात बंद झाली. जुन्या राजवटीची माणसं निघून गेली, नवीन कोण येणार ते कुणालाच माहीत नाही. आमचे पासपोर्ट आत.

माझी अवस्था मोठी विचित्र झाली. मी पेठेत, माझी इरकल मावशींच्या खुंटीला, माझा फोटो मुंबईत कुलपात आणि नवरा तिकडं. एका बाईचे इतके तुकडे मी दुसरे पाहिले नाहीत.

त्यात कोल्हापूर. दुसऱ्या गावात लोक मागं बोलतात, आमच्याकडं तोंडावर. भाजी घ्यायला गेले की, "काय बाई, अजून हितंच?" नळावर, "गेलतासा न्हवं तुमी?" देवळात, "आमी तुमाला जेवाय घातलं की!" जसं काही मी फुकटात जेवून फसवलं होतं. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, हे आज कळतं. त्या वेळी मात्र मी मागच्या बोळानं जाऊ लागले.

मग मी भावाला घेऊन मुंबईला निघाले. निघताना विचारलं, "आता गाठोडं उचलायचं का?" सासूबाईंनी मान हलवली. "तू शिक्का आनाय चाललीस. प्रस्थान ठेवलंय ते नवऱ्याकडं जायाचं. त्येला हात लावू नगंस."

वकिलातीच्या फाटकाला साखळी होती. बाहेर आमच्यासारखीच माणसं उभी होती. कुणाचा मुलगा तिकडं, कुणाचा नवरा. एक म्हातारं जोडपं सतरंजी अंथरून बसलं होतं. फाटकावरच्या पोलिसाशी मी इतकी भांडले की भाऊ माझा पदर ओढायला लागला. माझं बोलणं ऐकता ऐकता तो पोलीस हसायला लागला. "पावणं, कोल्हापूरचं काय?" तो कळंब्याचा निघाला. कळंबा म्हटलं की आमच्याकडं आधी तिथलं जेल आठवतं. आणि भावाच्या डोळ्यात काय आलं ते ओळखून लगेच म्हणाला, "तलावाकडचा. जेलातला न्हवं." मग त्यानं आम्हाला कोपऱ्यावर नेऊन चहा पाजला आणि खरं ते सांगितलं. "ताई, आत मानूसच न्हाय. मी कुनाला आत सोडलं तरी शिक्का माराय हात लागतो की. तुमी घरला जावा. पोरीला जपा." मी तिथं, त्या अनोळखी माणसासमोर, चहाच्या टपरीवर रडले. त्यानं आपली टोपी काढून हातात घेतली आणि मी थांबेपर्यंत रस्त्याकडं बघत उभा राहिला. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

परत आल्यावर शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, एकीच्या बाळंतपणाच्या रजेच्या जागेवर मला घेतलं. मुलींनी निरोप-समारंभात मला दिलेली फुलदाणी अजून शिक्षकांच्या खोलीतच होती, मी ती न्यायची विसरले होते. तिच्याशेजारी बसून मी वह्या तपासू लागले.

तिकडून आधी पत्रं उशिरा यायची, मग यायचीच थांबली. हे शेवटच्या पत्रात म्हणाले होते, कारखाना बंद आहे, आम्ही सगळे वसाहतीत आहोत, सांभाळून आहोत, वाट निघाली की कळवतो. त्यानंतर काही नाही. पोस्टमन आमच्या दारावरून जाताना सायकल जोरात मारायचा. त्यालाही नको वाटत असणार.

एके दिवशी जेवायला बसले तर ताटात चटणी. मी विचारलं, कुठली? सासूबाई म्हणाल्या, "पलंगाखालची फोडली. घरची सपली." बस्स, एवढंच. पण मी हातातला घास ताटात ठेवला. ती चटणी तिकडं जायची होती. ह्यांनी पहिला घास खाऊन डोळ्यांतनं पाणी काढत "व्वा" म्हणायचं होतं. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "खा. जाळ व्हईल पन पोटाला लागंल." त्या वर्षी आम्ही पेठेतल्या सगळ्या घरांची चटणी खाल्ली. कुणाच्या हाताला मीठ जास्त, कुणाचा लसूण कच्चा, मला अजून सांगता येईल.

पावसाळा गेला, दिवाळी कोरडीच गेली. शाळेत बक्षीस समारंभ होता आणि मला नेसायला बरं असं काही नव्हतं. अंगात संताप तर रोजचाच होता. मी म्हटलं, "मी इरकल आणते मावशींकडून. पुरे झालं हे थोतांड. ना शिक्का, ना पत्र. कसला प्रवास?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. इतर वेळी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई, सूप आणखी जवळ ओढून खडे वेचत राहिली. मी तरातरा शेजारी गेले. मावशी गोठ्यात आंबोण कालवत होत्या. मी म्हटलं, गाठोडं द्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आणि दारातच उभ्या राहिल्या.

"न्हेनार कुठं?"

"घरी."

"मग न्हाय मिळायचं."

"अहो, साडी माझी आहे!"

"साडी तुमची हाय. ठेवलंय मातर म्हातारीनं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, ती रोज येती हितं. तुमी शाळंला गेलासा की येती. गाठोड्याला हात लावती, म्हशीला हात लावती, चा बी घेत न्हाय, जाती. त्ये हितं हाय तवर तिचा ल्योक वाटंवर हाय. माझ्या हातनं माघारी न्हाय जायाचं त्ये."

गाठोडं खुंटीवर नव्हतंच. पावसात भिंत ओली झाली म्हणून मावशींनी ते चुलीवरच्या फळीवर हलवलं होतं, कसर लागू नये म्हणून. फडकं धुरानं पिवळं पडलं होतं, गाठ मात्र नीट होती. मी ते बघून परत आले. बक्षीस समारंभाला मावशींचीच साडी नेसून गेले. तिला म्हशीचा वास होता आणि पाहुण्यांच्या शेजारी बसायची पाळी माझ्यावर आली. आणि सासूबाईंवर मी त्यानंतर कधी आवाज चढवला नाही असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. चढवला. फक्त गाठोड्यावरून नाही.

मुलगी मात्र वाढत होती. ती पेठेतल्या पोरांना सांगायची, "आम्ही गाठोडं घेणार आणि बाबांकडं जाणार." बाबा म्हणजे काय हे तिला फोटोपुरतंच माहीत होतं. एकदा तिनं विचारलं, बाबांना पाय असतात का? फोटो छातीपर्यंतचाच होता.

थंडी सरताना तार आली. पोस्टमन सायकल न मारता थांबला आणि उतरण्याआधीच ओरडला, "चांगली हाय! चांगली हाय, बाई!" तार फोडून, वाचून आला होता बहुतेक, पण त्या दिवशी त्याला सगळं माफ होतं. हे कुठल्या कुठल्या रस्त्यानं, आधी मालमोटारीतून आणि मग बोटीनं मुंबईला पोचले होते. उद्या सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला.

सासूबाईंनी तार हातात धरली. वाचता येत नव्हती, तरी बराच वेळ बघितली. मग देवापुढं ठेवली आणि चूल पेटवायला बसल्या. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत. मी दोघींच्या वाटणीचं रडले.

सकाळी मी मुलीची वेणी घालून स्टेशनावर निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. हातात दह्याची वाटी.

"आधी गाठोडं उचल."

मी म्हटलं, "आई, आता कशाला? ते परत आलेत. मी कुठं जाणार नाही आता."

"प्रस्थान कशाचं ठेवलतं?"

"तिकडं जायचं."

"तिकडचं न्हवं. नवऱ्याकडं जायाचं. आनि आता कुठं निघालीस?"

"स्टेशनावर."

"त्यो स्टेशनात हाय. नवऱ्याकडंच चाललीस की. जा. आनि हे बघ, गाठोडं तू माघारी आनायचं न्हाय. त्येच्या हातात दे. त्यो आनंल."

त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं, मुलीच्या घातलं. मी "येते" म्हटलं आणि शेजारी गेले. मावशींनी म्हशींचं सगळं टाकून फळीवरून गाठोडं काढलं. इरकलीला घातलेल्या घड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि तिला चुलीच्या धुराचा वास होता. मी तिथंच नेसले. फ्रॉक मात्र मुलीच्या काखेशीच अडकला. तिनं रडायचा सूर लावला. मावशींनी आकड्यानं पाठीची शिवण उसवली, पाठ उघडी ठेवून वरून स्वेटर चढवला, आणि म्हणाल्या, "फुडनं तर झ्याक दिसतंय. बाप काय पाठ बघनार हाय?" उरलेले तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि आमचे उतरलेले कपडे त्याच फडक्यात बांधले, त्यांच्या त्या घट्ट गोठ्यातल्या गाठीनं.

स्टेशनापर्यंत रिक्षानं फार वेळ लागत नाही. मला तो रस्ता आयुष्यात इतका लांब कधी वाटला नाही.

गाडी आली. माणसं उतरली, हमाल धावले. हे कुठंच दिसेनात. मग फलाटाच्या पार टोकाला एक दाढीवाला हाडकुळा माणूस दिसला. खांद्याला एक पिशवी, दुसरं काही नाही. तो चालत आमच्यापर्यंत आला आणि आमच्याकडं न बघता पुढं निघाला.  तेवढ्यात तो थांबला. त्याची नजर खाली, मुलीच्या स्वेटरखालून दिसणाऱ्या पिवळ्या कापडावर. त्या लाल चेऱ्यांवर. त्यानं आधी कापड ओळखलं. मग कापडातली मुलगी. आणि मग वर बघितलं.

मुलगी माझ्यामागं लपली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, यांना पाय आहेत." हे फलाटावर मटकन खाली बसले आणि हसायला लागले, आणि ते हसणं मग हसणं राहिलं नाही. मी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक, गाठोडं धरा, असंच काहीतरी.

पेठेत शिरलो तेव्हा ह्यांच्या एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात गाठोडं. बोळाच्या तोंडाशीच बायका जमल्या. "फॉरेनचं काय आनलंय, दाखवा की!" असं म्हणत एकजण गाठोड्यावर वाकली. मावशी मागून ओरडल्या, "अगं सोड, त्यात तांदूळ हायत माझ्या फळीवरचं!" सगळी गल्ली हसली. त्या दिवशी पहिल्यांदा मला कुणी "अजून हितंच?" म्हणून विचारलं नाही.

पासपोर्ट पुढं पोस्टानं आले, कोरे. ते कशात ठेवले तेही आता आठवत नाही.

सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो आम्हा तिघांवरून उतरवून टाकला, पायांवर पाणी घातलं. मुलाच्या दाढीवरून हात फिरवला, पण त्याला काही विचारलं नाही. आधी त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं, छातीशी धरलं आणि माझ्याकडं वळल्या.

"लई लांब हुतं का गं?"

मी शाळेत मुलींना शुद्ध बोलायला शिकवणारी, सासूला "आई" म्हणणारी बाई. त्या दिवशी त्यांच्याच भाषेत म्हणाले, "व्हय आत्ती. लई लांब हुतं."